एकच रायफल घ्यायची तर...



या सदरात आपण दर महिन्याला घरातल्या एखाद्या वस्तूबद्दल बोलतो. मागे पाटा-वरवंटा झाला, आजीचं शिवणयंत्र झालं, माळ्यावरचे पितळी डबेही झाले. या वेळची वस्तू जरा वेगळी आहे आणि आधीच सांगतो, काहींना ती आवडणार नाही. ही वस्तू म्हणजे रायफल. गोळी झाडल्यावर हाताने खिट्टी मागे ओढून पुन्हा पुढे लोटावी लागते ती, म्हणजे बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल.

विषय निघाला तो भाच्यामुळे. तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो. गेल्या गणपतीत माझी ताई, म्हणजे त्याची आई, काचीगुड्याला आमच्याकडे आली होती. आरती आटोपली, मोदकांचं ताट पुढ्यात आलं आणि व्हिडिओ कॉलवर चिरंजीव म्हणाले,

"मामा, तुला बंदुकीतलं कळतं ना? हरणाच्या शिकारीसाठी एकच रायफल घ्यायची असेल, सगळीकडे चालेल अशी, तर कुठली घेऊ?"

ताईच्या हातातला मोदक हातातच राहिला. "काय म्हणालास? हरीण मारणार तू? श्रावणात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातला मुलगा!"

तो शांतपणे म्हणाला, "आई, मी चिकन खातो. ते कुणीतरी मारतंच ना? फक्त मी बघत नाही." मग त्याने सगळं समजावून सांगितलं. त्याच्या गावाभोवती जंगल आहे. तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं खूप वाढली आहेत, कारण त्यांना खाणारे लांडगे त्या राज्यातून केव्हाच संपले. परसातली भाजी हरणं खातात, रात्री गाडीसमोर येतात. शेजारचे आजोबा दर वर्षी परवाना काढून एक हरीण मारतात, वर्षभर तेच मांस खातात आणि उरलेलं गरजूंच्या अन्नछत्राला देतात. पेनसिल्व्हेनियात शिकाऱ्यांकडून असं मांस गोळा करून वाटणारी एक संस्था १९९१ पासून चालू आहे. त्या आजोबांनी याला म्हटलं होतं, या वर्षी चल माझ्याबरोबर.

ताईचं समाधान झालं नाही. पण त्याने प्रश्न मला विचारला होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं होतं. नाही दिलं असतं, तर त्याने दुकानदाराला विचारलं असतं, आणि दुकानदार त्याला सर्वांत महाग आणि सर्वांत दणदणीत आवाजाची रायफल देणार हे ठरलेलं.

मी शिकारी नाही. मला जे कळतं ते दोन ठिकाणांहून आलं. एक, कॉलेजातलं एन.सी.सी.; तिथे .२२ ची बोल्ट रायफल पोटावर झोपून चालवायला शिकलो. दुसरं, माझे काका. काकांकडे परवान्याची .३१५ रायफल होती. त्यांच्याबद्दल पुढे सांगतोच. आधी भाच्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं, भाऊ-बहिणी त्या देशात आहेत आणि हा प्रश्न उद्या तुमच्याही घरी येऊ शकतो.

आधी कागद, मग रायफल

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढणाऱ्याला शिकारीचं सरकारी प्रशिक्षण घ्यावंच लागतं, वय कितीही असो. ते आधी कर म्हटलं. दुसरी गोष्ट व्हिसाची. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. त्याला काही अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे तिथल्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना हे बंधन नाही. माझ्या भाच्याकडे ग्रीन कार्ड आहे. पण त्याचा एक मित्र व्हिसावर आहे आणि तो नुसता "गंमत म्हणून" बंदूक हातात घेऊन फोटो काढायला निघाला होता. अशी गंमत फार महागात पडते, हे आपल्या मुलांच्या कानावर घालून ठेवा.

बोल्ट-अ‍ॅक्शनच का?

जुन्या वाड्याच्या दाराचा अल्ड्रॉप आठवा. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे सारायची आणि खाली पाडायची. बोल्ट रायफल तशीच चालते. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे लोटली की नवं काडतूस नळीत जातं. खाली पाडली की कुलूप बसतं. जर्मनीच्या माउझर बंधूंपैकी पॉल माउझर यांनी १८९८ साली या यंत्रणेचं जे रूप पक्कं केलं, त्याच्याच वंशातल्या रायफली आज जगभर शिकारीला वापरतात.

नवशिक्यासाठी तिचे तीन फायदे. भाग कमी, म्हणून बिघाड कमी. नेम चांगला बसतो, कारण काडतुसामागचं कुलूप घट्ट असतं. आणि तिसरा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो: दुसरी गोळी आपोआप येत नाही. ती आणायला हात हलवावा लागतो आणि हात हलवताना डोकंही चालतं. शिवाय घरी आल्यावर बोल्ट काढून वेगळ्या कपाटात ठेवला की उरलेली रायफल नुसती लाकूड आणि लोखंड. लहान मुलं असलेल्या घरात हे फार महत्त्वाचं.

कुठल्या काडतुसाची?

इथे माणसं सगळ्यांत जास्त भांडतात. भाच्याने मला दहा नावांची यादी पाठवली होती. मी त्याला विचारलं, "हरीण केवढं आहे?" पांढऱ्या शेपटीचं हरीण साधारण पन्नास ते शंभर किलोचं. म्हणजे आपल्या चितळाच्या आसपास. त्याला तोफ लागत नाही.

जिम कॉर्बेट यांचं उदाहरण दिलं. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल बक्षीस मिळाली होती. ते काडतूस म्हणजे सात मिलिमीटरचं जुनं माउझर, १८९२ चं. धक्का कमी, आवाज बेताचा. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी .२७५ नेच मारला. काम काडतुसाच्या आकाराने होत नाही, गोळी जिथे लागायला हवी तिथे लागल्याने होतं.

मग यादी छोटी झाली. .३०-०६ हे १९०६ चं काडतूस. नावातला शेवटचा आकडा सालाचा आहे. हरणापासून अस्वलापर्यंत सगळ्याला पुरतं, पण खांद्याला चांगलाच दणका देतं. .२७० हे १९२५ चं, लांबवर सपाट जाणारं. .३०८ हे १९५२ चं; .३०-०६ पेक्षा आखूड, धक्का थोडा कमी आणि मिळत नाही असं दुकान विरळा. साडेसहा मिलिमीटर क्रीडमूर हे २००७ चं, नव्या पिढीचं लाडकं, धक्का आणखी कमी. .२४३ सगळ्यांत हलकं, पण त्यात नवशिक्याला चुकीला जागा कमी.

मी म्हटलं, "एकच घ्यायची आणि सगळीकडे चालवायची, तर .३०८ घे. खांदा नाजूक असेल तर क्रीडमूर. या दोघांत चुकीचं असं काही नाही. पण गावातल्या दुकानात काडतूस मिळतं का ते आधी बघ. जे काडतूस सहज आणि परवडेल अशा भावात मिळतं त्याचाच सराव होतो. जे महाग असतं ते आपण कपाटात जपून ठेवतो आणि ऐन वेळी चुकतो."

अंगाला बसते का?

चपला घेताना आपण पाय घालून बघतो ना? रायफलीचंही तसंच. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि हात पुढे करायचा. तर्जनीचं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. ही जुनी, ढोबळ पण कामाची परीक्षा. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. मान वाकडी न करता दुर्बिणीतून सरळ दिसलं तर ती आपली. दिसत नसेल तर ती कितीही नावाजलेली असो, दुसऱ्याची.

वजन दुर्बिणीसकट साडेतीन-चार किलोच्या आत असावं. फार हलकी घेतली तर धक्का जास्त, फार जड घेतली तर दुपारपर्यंत माणूस झाडाखाली झोपतो. लाकडी दस्ता दिसायला सुंदर, पण पाऊस आणि बर्फ असलेल्या मुलखात प्लास्टिकचा दस्ता आणि गंज न धरणारी नळी बरी. रेमिंग्टन ७००, विंचेस्टर ७०, सॅव्हेज ११०, फिनलंडची टिका, रुगर अमेरिकन ही सगळी घराणी चांगली आहेत. यांतली कुठली, यावर रात्रभर जागू नये.

दुर्बीण आणि सराव

पैसे उरले तर ते दुर्बिणीत आणि काडतुसांत घालावेत. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण जंगलात पुरते. ती रायफलीवर बसवणारे कडे मात्र पक्के हवेत; ते सैल असतील तर पुढचं सगळं वाया. शंभर यार्डांवर कागद लावून नेम जुळवायचा, आणि मग बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून असा सराव करायचा. जंगलात टेबल नसतं.

इथवर भाच्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "झालं ना मामा?"

मी म्हटलं, "नाही. आता काकाआजोबांची गोष्ट ऐक."

आणि ही गोष्ट मला तुम्हालाही सांगायची आहे.

काकांचं चितळ

आमचं मूळ गाव नांदेडकडचं. काका तरुणपणी किनवटला नोकरीला होते. किनवट-आदिलाबादच्या सीमेवरचं सागाचं जंगल तेव्हा दाट होतं आणि चितळाची शिकार वनखात्याचा परवाना काढून कायद्याने करता येत असे. साल १९६६ असावं. मित्रांबरोबर ते गेले. एका मित्राने नवीकोरी, मोठ्या काडतुसाची रायफल आणली होती. सगळे म्हणाले, आज तू मार, आणि ती रायफल काकांच्या हातात दिली. काकांनी ती त्याआधी एकदाही चालवलेली नव्हती. संध्याकाळ झाली होती. दीडशे पावलांवर एक नर चितळ, अर्धा पाठमोरा उभा होता. मागून मित्र कुजबुजत होते, "मार ना, मार ना."

काकांनी मारली. गोळी मागे, पोटात लागली. चितळ उसळलं आणि बांबूच्या बनात शिरलं.

रात्रभर कंदील घेऊन सगळे शोधत होते. रक्ताचे थेंब एका ओढ्यापर्यंत दिसले, मग पाणी, मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दूरवर गिधाडं उतरताना दिसली, तेव्हा कळलं ते कुठे पडलं. काकांनी ही गोष्ट मला आयुष्यात एकदाच सांगितली, तीही मी एन.सी.सी.चं बक्षीस घेऊन नाचत त्यांच्याकडे गेलो तेव्हा. म्हणाले, "ते रात्रभर जिवंत होतं रे. मी कंदील घेऊन फिरत होतो आणि ते कुठेतरी जिवंत होतं."

त्यानंतर त्यांनी प्राण्यावर गोळी झाडली नाही. स्वतःची .३१५ मात्र घेतली. ही रायफल कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. आपल्याकडे .३१५ इतकी पसरली त्यालाही कारण आहे. इंग्रजांना लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती जायला नको होतं, म्हणून नागरिकांसाठी हे वेगळं काडतूस रूढ झालं. आजही .३०३ निषिद्ध बोअरमध्ये मोडतं आणि .३१५ चा परवाना मिळू शकतो. काका शेतावर तिचा एखादा बार हवेत काढून रानडुकरं पळवत, वर्षातून एकदा कागदावर नेम धरत, आणि बाकी वेळ ती तेल लावून पेटीत ठेवत.

त्यांचं एक वाक्य मी भाच्याला सांगितलं: "रायफल कुठली हे शेवटी विचार. कधी मारायचं नाही ते आधी ठरव."

म्हणून भाच्याची खरी यादी ही होती. अंधार पडायला लागला की नाही. प्राणी पाठमोरा असेल तर नाही. आडवा उभा हवा, म्हणजे पुढच्या पायामागे हृदय आणि फुप्फुसं मिळतात. पळत असेल तर नाही. प्राण्याच्या मागे माती, टेकडी, काहीतरी गोळी थांबवणारं नसेल तर नाही, कारण चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते आणि तिकडे कुणाचं तरी घर असतं. कुणी "मार ना" म्हणत असेल तर नक्कीच नाही. आणि गोळी लागून प्राणी पळाला तर तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही, मग रात्र होवो की बर्फ पडो.

ही यादी पाळता येते ती रायफल सगळीकडे चालते. ओळखीची नसलेली उत्तमातली उत्तम रायफल कुठेच चालत नाही. काकांच्या हातात त्या संध्याकाळी होती ती महागडीच होती.

आणि आपल्याकडे?

हे वाचून इथल्या कुणा तरुणाच्या मनात शिकारीचा विचार आला असेल, तर सरळ सांगतो: आपल्या देशात हरणाची शिकार हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यात परवान्याने काही शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने तेही दार बंद झालं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. जोधपूरजवळच्या १९९८ च्या काळवीट प्रकरणाचा निकाल यायला वीस वर्षं लागली, पण आला. विदर्भ-मराठवाड्यात रोही आणि रानडुकरांनी शेतं उद्ध्वस्त होतात ही खरी व्यथा आहे, पण तिथेही सरकारी परवानगीशिवाय कुणाला बंदूक उचलता येत नाही.

मला हे बंधन जाचत नाही. एखाद्या रविवारी वनस्थलीपुरमला महावीर हरिण वनस्थलीत जाऊन बघा. ही एके काळी निजामाची शिकारीची जागा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा वाघाच्या शिकारीचा लौकिक एवढा की 'तीसमार खां' हे नाव लोक त्यांना लावतात. १९७५ साली, महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाल्याच्या निमित्ताने, ती जागा हरणांना मिळाली. आज विजयवाडा रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजाला लागूनच तिथे काळविटांचे कळप चरतात. आणि २०१४ साली नव्या तेलंगणाने आपला राज्यप्राणी निवडला तो चितळ. काका तेव्हा होते. पेपरातली ती बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि काही न बोलता पेपर घडी घालून ठेवला.

जाता जाता मुलांसाठी एक: काळवीट आणि रोही ही खरी हरणं नव्हेत, ते कुरंग वर्गातले. त्यांची शिंगं पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात. चितळ-सांबराची शिंगं फांद्यांची, ती ठरावीक काळाने झडतात आणि नवी येतात. मराठीत आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, ते चालतंच.

ज्यांना नेमबाजीचीच ओढ आहे त्यांना कागदाचं लक्ष्य आहे ना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते .२२ च्या रायफलीने. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये याच अंतरावर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचं कांस्यपदक मिळवणारा गगन नारंग तर आपल्या हैदराबादचाच. एअर रायफल .१७७ ची आणि २० जूलपर्यंतच्या शक्तीची असेल तर तिला शस्त्रपरवाना लागत नाही. पण ती खेळणं नव्हे. मुलांना प्रशिक्षकाकडेच पाठवा, गच्चीवर कबुतरांमागे नव्हे.

पेटी रिकामी झाली

काका या चैत्रात गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. तेराव्यानंतर काकूंनी पहिली गोष्ट विचारली ती रायफलीची. बऱ्याच घरांत हे लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक गेला की ते शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावं लागतं. "बाबांची आठवण" म्हणून कपाटात ठेवलेली बंदूक ही त्या दिवसापासून बेकायदा बंदूक असते. वारसाला हवी असेल तर स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

तेच भिंतीवरच्या शिंगांचं. आजोबांच्या काळातली सांबराची शिंगं, वाघाचं कातडं घरात असेल तर त्याचं मालकी प्रमाणपत्र आहे का ते बघा. अशी वस्तू विकता येत नाही, भेट देता येत नाही. वारशाने आली तर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं.

आमच्याकडे थोडी चर्चा झाली. चुलतभावाला वाटत होतं की रायफल ठेवावी, निदान कागदावर नेम धरायला. चुलतबहीण म्हणाली, "घरात दोन लहान मुलं आहेत आणि आपल्यापैकी कुणीही दर वर्षी सराव करणार नाही. मग ठेवून काय करायचं?" तिचं बरोबर होतं. काकांचाच नियम होता तो, फक्त तिने दुसऱ्या शब्दांत सांगितला. रायफल विक्रेत्याकडे जमा झाली, ती विकण्याचे कागद चालू आहेत. देवदाराची लांब पेटी तेवढी घरी राहिली. काकूंनी तीत लोकरीचे कपडे भरले आहेत. उघडली की अजून तेलाचा वास येतो.

आणि भाचा? त्याने प्रशिक्षण पूर्ण केलं. दुकानात पाच रायफली खांद्याला लावल्या आणि एक निवडली, .३०८ चीच, फार नावाजलेली नाही, पण त्याला बसली. ऑक्टोबरभर दर शनिवारी कागदावर सराव केला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी तिथला रायफलीचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी नियमाप्रमाणे २५० चौरस इंच नारंगी कापड अंगाडोक्यावर चढवून तो पहाटे चारला शेजारच्या आजोबांबरोबर गेला.

आपल्याकडे रात्र होती. ताई जागी होती, आणि ती जागी म्हणून मीही. साडेनऊच्या सुमाराला निरोप आला: "एक नर दिसला. ऐंशी यार्डांवर. पण टेकडीच्या माथ्यावर होता, मागे नुसतं आकाश. नाही मारला. निघून गेला."

मी तो निरोप ताईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "थंडी किती आहे तिकडे? काही खाल्लंय का त्याने?"

हंगाम अजून संपलेला नाही. तो पुन्हा जाईल. कदाचित पुढच्या वेळी हरीण आडवं उभं असेल, मागे माती असेल, उजेड असेल, आणि तो गोळी झाडेल. ताईला ते आवडणार नाही. मलाही आवडेल की नाही, सांगता येत नाही. पण कंदील घेऊन रात्रभर शोधण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये यासाठी जे करायचं ते त्याने केलं आहे, एवढं मला कळतं.

तुमच्या घरात जुनं शस्त्र, जुना परवाना, भिंतीवरची शिंगं असं काही असेल तर या सुट्टीत घरच्या मोठ्या माणसांबरोबर बसून कागद तपासा. आणि त्यांना त्यामागची गोष्टही विचारा. ती बहुधा त्यांनी अजून कुणाला सांगितलेली नसते.

पुढच्या महिन्यात भेटू, नेहमीसारख्या एखाद्या साध्या वस्तूसह. बहुतेक सोऱ्या.